आत आलेला पाऊस

शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेली बाई ठाण्याच्या नौपाड्यात राहत असेल तर गणपतीतल्या चित्रकला स्पर्धांमधून तिची सुटका नसते. मंडळाची मुलं दारात येतात, 'मॅडम, तासाभराचं काम आहे' म्हणतात, आणि मग आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, एका बाजूला कापूर आणि दुसऱ्या बाजूला तळणीच्या मोदकांचं तेल अशा वासात कागदांची चळत उलटत राहतो. गेल्या वर्षी तिसरी ते पाचवीच्या गटाला विषय होता 'पाऊस'. विषय ऐकूनच मला पुढचं सगळं दिसलं होतं आणि तसंच झालं. लाल छत्री, पिवळा रेनकोट, कागदी होडी, पिसारा फुलवलेला मोर, दोन डोंगरांच्या मधून डोकावणारा सूर्य (पावसाच्या चित्रात तो काय करतो हे मला नोकरीतही कधी कळलं नाही) आणि वर इंद्रधनुष्य. हवा इतकी दमट होती की कागदांच्या कडा वळल्या होत्या आणि क्रेयॉनचा रंग बोटांना लागत होता. चळतीच्या मध्यावर कुठेतरी तो एक कागद आला. खालचा अर्ध्याहून जास्त भाग मातकट करड्या रंगाने गच्च भरलेला. त्याच्या वर डायनिंग टेबल, टेबलावर गॅसचा सिलिंडर. विटांवर चढवलेला फ्रिज. कपाटाच्या डोक्यावर चादरीत गुंडाळलेला टीव्ही. पलंगावर पाय वर घेऊन बसलेली आजी, तिच्या मांडीत एक पिशवी. आणि खाली त्या करड्या रंगात एकच चप्पल, निळ्या पट्ट्यांची.

माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी चित्र काढणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं. "बाळा, छान काढलंयस, पण ह्यात पाऊस कुठंय?"

तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आत आलाय ना."

१८ आणि १९ ऑगस्टला धो धो कोसळून गेलेल्या पावसाला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. असा पाऊस झाला की चिखलवाडी-भास्कर कॉलनीच्या तळमजल्यांवर काय चालतं, हे ठाण्यात कुणाला सांगावं लागत नाही. मुलीची आई मंडपाच्या कडेला उभी होती. ती लगबगीने पुढे आली आणि लेकीची बाजू घ्यायची सोडून माफीच मागायला लागली. "घरी मोर काढत होती हो मॅडम, इथे येऊन काय सुचलं देव जाणे. घरातलं सगळं असं चारचौघांत..." बोलता बोलता तिने हात लांब करून तो कागद पालथा घातला. चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कंपासपेटी आणि प्रमाणपत्र. पोरगी खूश होऊन गेली. कागद पालथा घालणारा तो हात मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही पावसाचं स्मरणचित्र पाठ असतं. पुढे तीन माणसं, त्यातलं एक पाठमोरं. एक छत्री उघडी, एक वाऱ्याने उलटी झालेली; उलट्या छत्रीला मार्क पडतात. मध्ये हातगाडी नाहीतर रिक्षा, मागे दुकानांची ओळ. रस्ता ओला दाखवायचा तर माणसांची प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांनी खाली सोडायची, आणि सगळं वाळल्यावर पांढऱ्या पोस्टर कलरने तिरक्या रेघा मारायच्या, सगळ्या एकाच दिशेने. वर्षानुवर्षं मी हे घोटून घेतलं आणि मुलांना 'अ' श्रेण्या मिळाल्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ती चित्रं आता डोळ्यांसमोर आणते तेव्हा दिसतं, की त्यात पाणी कधी घोट्याच्या वर गेलेलं नाही. घरात शिरण्याचा तर प्रश्नच नाही, कारण चौकट मुळात रस्त्यावर लावलेली. बघणारा कुठेतरी कोरड्यात उभा आहे हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

एकट्या चित्रकलेलाच कशाला बोल लावायचा? मराठी माणसाने 'मला पाऊस आवडत नाही' असं चारचौघांत म्हणून दाखवावं. लोक असं बघतात, की आपण आईबद्दल काहीतरी वाईट बोललोय. पहिली सर आली की कांदाभजीचे फोटो, आल्याचा चहा, खिडकीची काच, कविता, मातीचा वास, लोणावळ्याचे बेत. मला स्वतःला मातीचा वास फार आवडतो. तो आला की छातीत काहीतरी मोकळं होतं, आणि त्याच श्वासात पोटात गोळाही येतो. ह्या दोन गोष्टी एकदम होतात हे सांगायला माझ्याकडे इतकी वर्षं जागाच नव्हती. भजी तळताना कुणी असं बोलत नाही.

२६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा सगळे धडाधड सांगतात. मला त्या दिवसाचा आठवतो तो मोरीतला आवाज. पाणी दारातून येतं असं ज्यांच्या घरात ते कधी आलं नाही त्यांना वाटतं. ते आधी मोरीच्या जाळीतून येतं. डबुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा डबुक, आणि जाळीभोवती काळसर पाण्याचं एक वर्तुळ, त्यावर साबणाचा फेस. मग झुरळं, शिस्तीत, भिंतीच्या कडेकडेने वर चढणारी. तोवर दाराचा उंबरठा कोरडा ठणठणीत असतो आणि आपण मूर्खासारखे दाराशी पोती रचत असतो. आम्ही तेव्हा तळमजल्यावर होतो. पुढे तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून पुराचं पाणी येत नाही एवढं मला कळतं. तरी जुलै-ऑगस्टच्या रात्री मोरीत काही वाजलं की मी उठते, दिवा न लावता जाते आणि जाळीवर तळपाय ठेवून बघते. गार लागली की परत येऊन झोपते. नवरा कूस बदलत म्हणतो, "स्वभावच घाबरट."

स्वभाव हे खातं फार सोयीचं. कुणाची आजी जून लागला की रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिसी आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अशी पिशवी मांडीवरून सोडत नाही, म्हणजे ती म्हातारपणी संशयी झाली. खालच्या वहिनी श्रावणात घरातल्या सगळ्यांवर खेकसत असतात, म्हणजे त्यांची पाळी जायची वेळ आली. पोराचं पावसाळी सकाळी पोट दुखतं, म्हणजे शाळेची टंगळमंगळ. भरतीच्या वेळा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवणारे आजोबा विक्षिप्त. एकेकाचं सुटं बघितलं तर प्रत्येक निदान पटतं. सगळ्यांचं एकत्र बघितलं, एकाच गल्लीतलं, एकाच महिन्यातलं, तर मग हवेचं देणं आपण माणसांच्या स्वभावावर मांडत आलोय की काय अशी शंका येते. त्या आईला लाज कशाची वाटली असेल? घरात पाणी येण्यात तिचा काय दोष? पण पाण्यासोबत घरातली भीतीही चित्रात आली होती, आणि भीती ही आपल्याकडे ज्याची त्याने झाकून ठेवायची वस्तू.

मोठ्या जगात ह्याची दखल घेतली गेलीय. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२२ मध्ये देशांना सांगितलं की हवामान बदलाच्या आराखड्यांत मानसिक आरोग्यही धरा. त्याच्या आदल्या वर्षी 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' ह्या नियतकालिकात एक पाहणी आली होती: भारतासह १० देशांतली १६ ते २५ वयाची १०,००० मुलंमुली, त्यातली ५९ टक्के हवामान बदलामुळे खूप किंवा अतिशय काळजीत, आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांचं म्हणणं की ह्या काळजीचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. ऐरोलीला आयटीत असलेल्या भाचीने मला हे मोबाइलवर दाखवलं. मी सहज विचारलं, "तुझं काय?" ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "मूल नको वाटतं मावशी, त्याचं हेही एक कारण आहे. आईला सांगू नकोस." तिची आई माझं लिखाण वाचत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत झाली.

सगळंच हवामान बदलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही, हेही कळतं. हा भाग सखल. पाण्याने जायचं खाडीकडे, आणि भरती असली की खाडी घेत नाही. रस्ते थरावर थर चढून उंच होत गेले, जुन्या इमारती होत्या तिथेच राहिल्या. पण हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यात राजकारण नाही. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प अरबी समुद्रावरून येतं. म्हणजे जाळी आमच्या मोरीची असली तरी त्यातून वर येणाऱ्या पाण्याचा सगळा हिशेब गल्लीतला नाही.

आणि पाऊस तरी निदान दिसतो. उन्हाचं काय करायचं? २०२५ च्या फेब्रुवारीत, थंडीची रजई अजून माळ्यावर गेलेली नसताना, मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. मे महिन्यात वाळवणाच्या ऐन दिवसांत पाऊस सुरू झाला आणि २६ मेला मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर झालं, ७५ वर्षांतला सगळ्यात लवकरचा. गच्चीवर जुन्या साड्या पसरून घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या चिकट होऊन साडीलाच बसल्या. आमच्या शेजारीण काकू त्या नखाने खरवडून काढत होत्या आणि रडत होत्या. पापड्यांसाठी कुणी रडतं का? सुनेने ऑनलाइन मागवू म्हणून समजूत घातली तर आणखीनच रडल्या. "चैत्र-वैशाखात तरी गच्ची आपली असते," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. आता वाटतं, कुठल्या महिन्यात काय करायचं हे जिला आयुष्यभर ठाऊक होतं, तिच्या हातून तेच सुटत चाललं होतं.

उन्हाची भीती त्याहून मुकी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या मैदानातून सुखरूप परत आलेल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पडदे ओढून, पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर घेऊन बसतात आणि दारावरची बेल वाजली तरी उठत नाहीत. डॉक्टरांकडे त्या बीपीसाठी जातात. एवढंच त्यांना सांगता येतं. दुसरी एक मैत्रीण, तिच्या भावाला लिथियमची गोळी चालू आहे. उन्हाळा लागला की तिची वेगळीच धावपळ असते, कारण घामाने अंगातलं पाणी कमी झालं की ह्या गोळीचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मनाच्या आजारांवरच्या इतर काही औषधांनी अंग थंड ठेवण्याची शरीराची ताकदच कमी होते. महाराष्ट्रात कुणी तऱ्हेवाईक वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणतात, आणि आम्ही ठाणेकर त्यावर हसून सोडून देतो. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय गावात असून उन्हाळा आणि मनाचं औषध ह्यांचं इतकं थेट नातं आहे हे मला मैत्रिणीच्या भावामुळे कळावं ह्याचं आश्चर्य वाटलं.

चित्रांकडे वळते. हवामान बदलावरची जगातली कला म्हटलं की पहिलं नाव निघतं ते डॅनिश-आइसलँडिक कलाकार ऑलाफुर एलियासन ह्यांचं. डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिसला हवामान परिषद चालू असताना, त्यांनी ग्रीनलंडहून आणलेले बर्फाचे १२ प्रचंड तुकडे तिथल्या पाँतेआँ ह्या जुन्या स्मारकासमोरच्या चौकात घड्याळासारखे वर्तुळात मांडले आणि वितळू दिले. लोक त्यांना हात लावत होते, कान लावत होते, मिठ्या मारत होते. त्याचे फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिलेत. सुंदर आहेत. तरी कुठेतरी कुरकुर राहते, की पाणी जिथे पाहुणं म्हणून बोलवावं लागतं तिथली ही कला आहे. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातले एड हॉकिन्स ह्यांचे २०१८ मधले पट्टे मला जास्त भिडतात. एका वर्षाला एक उभा पट्टा, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, आकडा नाही, अक्षर नाही. डावीकडून उजवीकडे नजर नेली की संपलं. हे काढणारा चित्रकार नव्हे, हवामानशास्त्रज्ञ, आणि ड्रॉइंग टीचर म्हणून मला ह्याचा थोडा हेवाही वाटतो.

पण मनाचं म्हणाल तर मला जवळचे वाटतात ते प्रभाकर पाचपुते. चंद्रपूरकडच्या सास्ती गावचे. घरातल्या माणसांनी कोळशाच्या खाणीत काम केलेलं, आणि हे चित्रं काढतात तीही कोळशानेच, बरेचदा थेट भिंतीवर. माणसाचं धड असतं आणि डोक्याच्या जागी भलतंच काहीतरी. जमीन उकरलेली, ओकी. जो कोळसा जळून हवा तापते, त्याच कोळशाची पूड बोटाने घासून एक माणूस आपल्या गावाचं काय झालं ते सांगतो. बघताना उमाळा येत नाही. घशाशी कोरडं होतं. बंगालमधले पटुआही असेच. मेदिनीपूरकडचे हे लोक गुंडाळीचित्र उलगडत, चित्रावर बोट ठेवत गाणं म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांनी तिचेही पट रंगवले आणि त्यांची गाणी बांधली. देवादिकांच्या कथा जिथे चालतात त्याच कापड-कागदावर लाटेलाही जागा दिली. कुणाला मुद्दाम 'व्यक्त व्हा' म्हणून सांगावं लागलं नाही. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची, अशा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरा असलेल्या आपल्या मुलखात २६ जुलैचा पट कुणी रंगवला असता तर तो गणपतीत मंडपामंडपांतून उलगडला गेला असता, असं मनात येऊन जातं.

आपल्याकडे भिंती मात्र भरपूर रंगतात. नवी मुंबईत पुलाखाली, कुंपणांवर, चौकाचौकात गुलाबी फ्लेमिंगो आहेत, आणि खरंच छान काढलेत. पामबीच रोडने जाताना माझी नजर त्यांच्या पायांवर जाते, कारण फ्लेमिंगोचा मागे मुडपणारा गुडघा (तो खरं तर घोटा) बहुतेकांचा चुकतो. तिथल्यांचा बरोबर आहे. २०२४ मध्ये नेरुळच्या एका तलावात खाडीचं पाणी येईनासं झालं, तलाव सुकत गेला आणि तिथे फ्लेमिंगो मेलेले सापडले. बातमी वाचली त्या आठवड्यात मी वाशीला भावे नाट्यगृहात नाटकाला निघाले होते. वाटेत ओळीने ते भिंतीवरचे पक्षी. सगळे टवटवीत, सगळे पाण्यात. कुणी रंगवायला सांगितलं असतं तर मीही तसेच रंगवले असते, मेलेला पक्षी भिंतीवर कोण काढू देतं? पण मग त्या तलावाकाठी रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला जे काही झालं असेल ते त्याने कुठल्या भिंतीवर बघायचं?

दिवाळीनंतर मी सोसायटीच्या ऑफिसची चावी मागितली. रविवार सकाळी, ज्याला यायचं त्याने या, कागद-पेन्सिल माझी, चहा तुमचा. विषय एकच दिला: तुमच्या घरात पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठून बघत होतात? तिथून दिसलं ते काढा. पावसाच्या तिरक्या रेघा मारायच्या नाहीत. अपेक्षेप्रमाणे 'आम्हाला कुठे चित्र येतं' ने सुरुवात झाली आणि बराच वेळ सगळे फक्त चहा प्यायले. मग एका वहिनींनी पलंगाच्या खालून दिसतं तसं काढलं. पलंगाचे चार पाय, मधून जाणारं पाणी, आणि तरंगत चाललेली तांदळाची पिंपं. त्या दिवशी त्या मांजर शोधायला वाकल्या होत्या. एका कॉलेजच्या मुलाने नुसता स्विचबोर्ड काढला, आधी कमरेशी होता तो आणि नंतर खांद्याच्या वर नेला तो, खालच्या जागेवर सिमेंटचं ठिगळ. शेजारीण काकूंनी पापडी काढली. साडीचे काठ इतक्या निगुतीने काढले की मी त्यांना पाण्याचं काय म्हणून विचारलंच नाही.

तळमजल्यावरचे एक काका पहिल्यापासून बाजूला बसले होते. वागळे इस्टेटच्या कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन. "भावना वगैरे आपल्याला जमत नाही," म्हणाले आणि घरून टी-स्क्वेअर घेऊन आले. त्यांनी इमारतीचा उभा छेद काढला. रस्त्याची मूळ पातळी, तिच्यावर प्रत्येक वेळी चढलेला थर वेगळ्या रेघांनी भरलेला, जोतं, खिडकीचा कठडा, दरवाज्याची उंची, आणि भिंतीवर वर्षवार पाण्याच्या खुणा, मिलिमीटरमध्ये, बाण काढून. २००५ ची रेघ खिडकीच्या वर गेलेली. एवढं स्वच्छ काम मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या छेदात टेबलाच्या वर, कुठलंही माप न दिलेलं एक लहानसं वर्तुळ होतं. मला वाटलं दिवा असेल. विचारलं. "ही बसली होती तिथे," काका म्हणाले. "रात्रभर. मी पाण्यात उभा होतो, टेबल धरून. ती काही बोलली नाही, मीही नाही. नंतरही कधी विषय निघाला नाही." काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. ऑफिसात कुणीतरी पंखा वाढवला आणि कागद उडायला लागले, तेव्हा सगळ्यांना बोलायला निमित्त मिळालं.

ह्याने कुणाचं काय भलं झालं ह्याबद्दल माझ्या मनात अजून दुमत आहे. पलंगाखालचं चित्र काढणाऱ्या वहिनी पुढच्या रविवारी आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण सगळं परत वर आलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही." त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंग टीचरला छाया-प्रकाश शिकवता येतो, आत काय हललं ते परत जागेवर बसवणं येत नाही. ओळखीच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर मी त्यांना दिला, तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधावा तसा मोबाइलमध्ये ठेवून दिला आणि बहुधा तिथेच आहे. हल्ली मोठ्या शहरांत ह्या विषयावर दोन तासांची कार्यशाळा आणि शेवटी कॅनव्हास घरी न्या, असलं बरंच चालतं. 'हलकं वाटेल' असं त्याच्या जाहिरातीत असतं. मला ते वाक्य खटकतं. आजीची पिशवी मांडीवरून खाली ठेववण्यात यश मानावं असं मला वाटत नाही, कारण पाणी पुन्हा येणारच आहे आणि पिशवीत दाखले आहेत. तिला घाबरट म्हणायचं तेवढं घरच्यांनी थांबवलं तरी पुष्कळ. त्या मुलीच्या घरी ते थांबलंय की नाही हे मला माहीत नाही. तिची आई भाजी घेताना भेटली, हसली, मुलीला रंगपेटी घेतल्याचं सांगितलं आणि लगेच मेथी महाग झाल्यावर घसरली.

काकांचं मात्र भलतंच सुरू झालंय. त्यांना आता एका इमारतीवर भागत नाही. आमच्या गल्लीपासून थेट खाडीपर्यंतचा छेद काढायचाय, प्रत्येक जोत्याची आणि रस्त्याची पातळी घेऊन, शेजारी भरतीची रेघ, म्हणजे वॉर्ड ऑफिसात टेबलावर पसरला की साहेबाला मान खाली घालून बघावंच लागेल. सकाळी सहाला ते आणि तो स्विचबोर्डवाला मुलगा टेप घेऊन फिरतात. सेक्रेटरींशी त्यांचं जोत्याच्या उंचीवरून कडाक्याचं भांडण झालं, कारण मूळ नकाशात एक आकडा आहे आणि काकांच्या टेपला दुसरा लागतोय. छेदात काकूंचं वर्तुळ ठेवणार का, असं मी भीत भीत विचारलं. "अर्थात. आणि बाकीच्या घरांतलेही टाकायचेत, कोण कुठे बसलं होतं ते. तुम्ही विचारून आणा, बायका मला सांगायच्या नाहीत." शिवाय ट्रेसिंग पेपरचा रोल हवाय, जाड, जुन्या काळी मिळायचा तसा. नौपाड्यातल्या दुकानदाराने हात वर केले. उद्या दादरला जाऊन बघते.